हॅडली वूटनचा अर्धा निबंध

ऑर्लीन कुबाचाक बाईंना आधी किळस होती ती टकेटच्या कागदी कपाची. रॉयस टकेट हा सॉल्ट ड्रॉ या गावच्या शाळांचा सर्वांत वरचा अधिकारी. मीटिंग असो की पालकांची भेट, ओठाच्या आत तंबाखूची चिमूट दाबलेली असायची, आणि दोन वाक्यांच्या मध्ये तो त्या कपात थुंकायचा. पुढे पुढे बाईंना वाटायला लागलं, थुंकणं परवडलं, त्याचं बोलणं ऐकवत नाही.

बाई शाळेत शेवटच्या दोन वर्गांना इंग्रजी शिकवायच्या. त्यांच्याकडे एम.ए.ची पदवी होती, म्हणून शेजारच्या परगण्यातल्या कॉलेजनं त्यांना आपला पहिल्या वर्षाचा लेखनाचा विषय शाळेतच शिकवायची परवानगी दिली होती. पोरांनी शाळेत बसून कॉलेजचा अभ्यास करायचा. पास झाली की तो विषय इकडेही धरला जायचा आणि तिकडेही. अनेक वर्षं बाईंच्या वर्गात मोजकी पोरं असत. रडत-कुढत, खाडाखोड करत लिहायला शिकत, आणि पुढे लबक शहरातल्या विद्यापीठात कुणापुढे मान खाली घालायची वेळ त्यांच्यावर येत नसे.

टकेट आला आणि त्यानं हायवेवर पाटी उभी केली: 'आमचं प्रत्येक मूल शाळेतूनच कॉलेज करून निघतं.' पाटीवर हॅडली वूटनचा हसरा फोटो. हॅडली म्हणजे डेल वूटनची मुलगी, आणि डेल वूटन म्हणजे शाळेच्या बोर्डाचा अध्यक्ष. गावातले निम्मे पाण्याचे पंप त्याच्याच दुकानातून गेलेले.

पाटी लागली तशी बाईंच्या वर्गात खुर्च्या कमी पडायला लागल्या. आयुष्यात एक पुस्तक पुरं न वाचलेली पोरं कॉलेजची विद्यार्थी म्हणून समोर येऊन बसली. बाईंनी तक्रार केली तर टकेट म्हणाला, "अहो बाई, पोरांवर विश्वास ठेवा की जरा!" आणि थुंकला.

त्या वसंतात बाईंनी शेवटच्या निबंधाचा विषय दिला तो गावच्या पाण्याचा. जमिनीखालचं पाणी दरवर्षी खाली चाललेलं, कापसाची शेतं एकेक करून कोरडवाहू होत चाललेली. प्रत्येकाच्या घरात याच गोष्टी. निदान याच्यावर तरी पोरांना काही सांगता येईल, असा बाईंचा हिशेब.

हॅडलीचा निबंध वेळेत आला. गुळगुळीत, एकही चूक नाही. दुसऱ्याच पानावर 'आपल्या बंदरात येणाऱ्या जहाजांमुळे होणारं प्रदूषण' आलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. सॉल्ट ड्रॉपासून समुद्र गाठायचा तर अख्खा दिवस गाडी हाकावी लागते. बाईंनी शून्य दिलं.

दुसऱ्या दिवशी टकेटनं बोलावलं. डेल वूटन आधीच खुर्चीत रेलून बसला होता.

"पोरगी आहे, चुकली," टकेट म्हणाला. "काहीतरी मार्ग काढा."

"मार्ग आहे ना. माझ्यासमोर बसून हातानं लिहू दे. जेवढं लिहील तेवढ्याचे गुण देईन."

डेल हसला. "बाई, तुम्ही मलाही शिकवलंय. तेव्हाही अशाच खडूस होतात."

"आणि तूही असाच दुसऱ्याचं बघून लिहायचास, डेल."

हॅडली शाळा सुटल्यावर आली. पहिल्या दिवशी नुसती पेन चावत बसली. "मला काही येतच नाही, बाई. खरंच सांगते."

"आजोबांच्या शेतात गेली होतीस ना परवा? काय झालं तिथे?"

"काही नाही. बोअर बंद पडली."

"बंद पडली म्हणजे? काय दिसलं?"

हॅडलीनं पेन खाली ठेवलं. "आधी पाण्यात वाळू आली. मग नुसती हवा. आजोबा तरी पंप बंद करेनात. त्या आवाजाजवळच उभे राहिले."

"हेच लिही. असंच."

तिनं लिहिलं. स्पेलिंगच्या नावानं आनंदच होता, वाक्यं एकमेकांवर आदळत होती, पण पाइपातून फुसफुसणारी हवा होती, टोपी हातात घेऊन उभा असलेला म्हातारा होता, आणि 'मी गाडीतून उतरलेच नाही, मला लाज वाटली' असं एक वाक्य होतं. ते वाक्य बाईंनी दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी पोरगी न बोलावता आली. तिसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "बाई, हा परिच्छेद वर घेतला तर?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न बाईंना फार थोड्यांनी विचारला होता. त्या रात्री बाई घरी नवऱ्याला, वेल्डनला, म्हणाल्या, "अरे, तिला येतंय लिहायला! कुणी बसवलंच नव्हतं तिला."

चौथ्या दिवशी हॅडली दारातच उभी राहिली. आत आली नाही.

"बाई, बाबा म्हणाले, आता गरज नाही."

"म्हणजे?"

"टकेट सरांनी मला दुसऱ्या कुठल्यातरी कॉलेजच्या ऑनलाइन वर्गात घातलं. फुटबॉलच्या प्रुइट कोचच्या खोलीत बसायचं. आज एका दुपारीत संपलं सगळं. उत्तरं खाली दिलेलीच असतात." ती जमिनीकडे बघत होती. "ए ग्रेड मिळाली मला."

"आणि हा निबंध?"

"आता कशाला?" असं म्हणून ती गेली.

बाई तशाच उठून टकेटच्या खोलीत गेल्या. तो फोनवर कुणालातरी हायवेच्या पाटीचं कौतुक सांगत होता. फोन ठेवून म्हणाला, "झालं ना सगळ्यांच्या मनासारखं?"

"त्या पोरीला लिहिता यायला लागलं होतं."

"आलंच की! ए आहे तिला."

हा माणूस खोटं बोलत असता तर बाईंना बरं वाटलं असतं. तो खरंच तसं मानत होता.

पुढच्या वर्षी तो विषय बाईंकडून काढून घेतला आणि त्यांना नववीचा वर्ग दिला. सगळा वर्ग प्रुइट कोचच्या खोलीत गेला. पोरं क्लिक करायची, कोच मॅचचे व्हिडिओ बघायचा. बाई बोर्डाच्या सभेत उठून बोलल्या. डेल वूटननं "आभारी आहोत" म्हटलं आणि सभा पुढच्या मुद्द्यावर गेली, फुटबॉलच्या मैदानावरच्या दिव्यांवर. सगळी पोरं कॉलेज करून निघाली म्हणून शाळेला बक्षीस मिळालं. केक कापला गेला. बाईंच्या हातातही कुणीतरी बशी दिली. निळं आयसिंग बघूनच त्यांना मळमळलं. बशी खिडकीत ठेवून त्या बाहेर पडल्या.

हॅडली लबकला गेली आणि नाताळच्या सुट्टीला आली ती परत गेलीच नाही. फेब्रुवारीत बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या तर समोरच्या टेबलाशी पेशंटची नावं लिहून घेत बसलेली तीच.

"तिथे मला थेट पुढच्या वर्गात बसवलं, बाई. पहिलं सगळं झालंय म्हणून. पहिल्याच आठवड्यात आठ पानं लिहायला सांगितली. मी टॉयलेटमध्ये जाऊन बसले."

"बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, विद्यापीठवाले माजलेत."

बाईंनी आवाज खाली आणला. "शनिवारी माझ्याकडे येत जा. पहिल्यापासून करू. कुणाला सांगायची गरज नाही."

हॅडलीनं मान हलवली. रागानं नाही, थकून. "नको, बाई. राग मानू नका. पण आता कुणी शिकवायला लागलं ना, की मला ओकारी येते." मग तिनं बाईंना खुर्ची दाखवली. "बसा. डॉक्टर बोलावतील."

घरी वेल्डननं सॉसेज आणि बटाटे केले होते. बाईंनी ताट सरकवलं. "तिनं मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं रे."

"अगं, तुझा काय दोष त्यात?"

"माझा नाही म्हणूनच तर घशाखाली उतरत नाही. कुणाचाच नाही म्हणे. सगळ्यांना ए."

उन्हाळ्यात टकेटला बढती मिळाली. राजधानीत, ऑस्टिनला, अशाच कुठल्यातरी योजनेचा तो मुख्य झाला. त्याच्या जागी तरुण, सुटाबुटातला एक जण आला. तंबाखू खात नव्हता. पहिल्याच भेटीत त्यानं बाईंना खुर्ची पुढे केली आणि गोड हसून विचारलं, "तुमची पदवी आहे असं ऐकलं. कॉलेजच्या वर्गाला परत तुमचं नाव लावायचं म्हणतोय. शिकवायची तसदी नाही, नुसतं नाव."

बाई बसल्या नाहीत. "माझं नाव मला लागतं," त्या म्हणाल्या, आणि नवव्या इयत्तेच्या खोलीत जाऊन फळा पुसायला लागल्या.