गुंदला दिलेले मुनवे

उळवीचं जंगल बघायचं, एवढंच ठरवून मी स्कूटर काढली. बेळगावहून खानापूर, रामनगर, जोयडा. पेट्रोल रामनगरलाच भरून घ्या, पुढं भरवसा नाही. पुढं नंदिगद्द्यात पार्वतीअक्कांच्या घरी उतरले. जेवणासकट दिवसाला हजार रुपये. तांदळाची भाकरी, सुरणाची भाजी, आमसुलाची कढी, आणि वाढणारीचा आग्रह.

सकाळी घरामागच्या बागेत गेले. सुपारीच्या सावलीत रसबाळी केळी, पण खालची पानं पिवळी पडून बुंध्याभोवती लोंबत होती.

"पाणी कमी पडलं का?" मी विचारलं.

अक्कांनी कोयत्यानं एक बुंधा चिरून दाखवला. आत तांबूस रेघा होत्या.

"मर रोग. मातीत ऱ्हातो. औषध न्हाई त्याला." मग हळूच म्हणाल्या, "गुंद गावात दिलेल्या लेकीला ह्याच बागेतले मुनवे, केळीची लावायची पिल्लं, दिलेत मी. तिला अजून सांगितलं न्हाई. गाडीवरनं सोडशील?"

उळवी राहिली. झाडीतला गुंदचा रस्ता फार सुंदर आहे. निघताना अक्कांनी आम्हा दोघींच्या चपला घासून धुतल्या होत्या.

सुमन, त्यांची लेक, हसतच बाहेर आली. "आये, बघ तरी, कशा फोफावल्यात!"

फोफावल्या होत्या खऱ्या. पण कडेच्या दोन केळींची खालची पानं पिवळी होती. अक्कांनी त्यातली एक चिरली. त्याच रेघा.

"माझ्याच हातानं दिलं गे तुला."

"तुला काय ठावं होतं?" सुमन म्हणाली आणि कुंपणापलीकडं बघू लागली. "आये, मी ह्यातलेच मुनवे शेजारच्या काकींना दिलेत."

गप्प बसता आलं असतं. रोग कुठून आला हे कुणाला कळणार होतं? पण दोघी हातपाय धुऊन शेजारच्या कुंपणाकडं चालू लागल्या. मी अंगणातच थांबले. पलीकडून काकींचा आवाज आला, "या या, दोघी मिळून? च्या टाकते."

जोयड्याला जरूर जा. फक्त एका बागेतून दुसरीत जाताना पायाची माती धुवा, आणि आवडलं म्हणून रोप उचलून आणू नका.

घरी आल्यावर आठवड्यानं अक्कांना फोन केला. काकींच्याही केळी गेल्या होत्या.

"सांगितलंत ते बरं केलंत," मी म्हटलं.

"व्हय. बाकीच्या घरांनी मुनवे घ्यायचं तरी थांबवलं," अक्का म्हणाल्या. "पण काकी आता सुमनकडं येत न्हाईत."