हळदीत नाचणारे बाबा

डहाणू स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचे, तेव्हाची गोष्ट. आठवली की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

लग्न तलासरीचं होतं. नवऱ्या मुलाचा भाऊ माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला होता. स्क्रीनवर हळदीचा नाच चालू होता आणि त्यात नवरीचे वडील आले. कारखान्यात अपघात झाल्यापासून त्यांचा उजवा गुडघा वाकत नसे. तो पाय ते जपून टेकवायचे, ढोलाचा एक ठोका सोडून द्यायचे आणि पुढच्या ठोक्याला दोन्ही हात वर फेकायचे. एकदाही चुकले नाहीत.

"ताई, ह्या बाबांना फास्ट मारा ना," भाऊ म्हणाला. "मग रिव्हर्स, परत फास्ट. पब्लिक हसली पाहिजे."

याला काही अक्कल लागत नाही. लेअरची, म्हणजे त्या क्लिपच्या पट्टीची लांबी शंभर टक्के असते, तिथे पन्नास लिहिलं की माणूस दुप्पट वेगाने पळतो. बाबांचा तो सोडलेला ठोका दिसेनासा होतो आणि उरतं नुसतं लंगडणं.

"मी नाही करणार," मी म्हटलं. "नवरीला हे जन्मभर बघायचंय." उलट, व्हिडिओत घातलेल्या गाण्याखाली तो लेअर थोडा थोडा सरकवत मी बाबांचे हात अचूक ठोक्यावर बसवले.

भाऊ बघून म्हणाला, "ह्याच्यात हसायला काय आहे?"

मेल्या, हसायचंच होतं तर सर्कशीचं तिकीट काढायचंस! हे ओठावर आलं होतं, तेवढ्यात स्टुडिओचे गुजराती शेठ आले.

"बेन, गिऱ्हाईक बोलतो ते करून टाक ने. आपल्याला काय?"

माझ्या हातातला माऊस घेऊन त्यांनीच पन्नास लिहिलं. दोघं पोट धरधरून हसले. मी उठून बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन उभी राहिले. तिथला चहासुद्धा मला कडू लागला.

महिन्याभराने नवरी एकटीच स्टुडिओत आली.

"सासरी मोठ्या टीव्हीवर लावलेलं सगळ्यांसमोर," ती म्हणाली. "बाबांना मुद्दाम बोलावलेलं. बाबापण हसले." मग खाली बघत म्हणाली, "ताई, त्यांचा खरा नाच आहे काय तुमच्याकडे?"

मी मूळ क्लिप तिच्या पेन ड्राइव्हवर घालून दिली. शेठला विचारलं नाही.

पुढच्या वर्षी तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचं फुटेज आलं. या वेळी शेजारी खुर्ची ओढून बसणारं कोणी नव्हतं. आता बाबांचा नाच असा बसवते की बघत राहाल, असं मनाशी म्हणत मी हळदीच्या सगळ्या क्लिप उघडल्या.

बाबा एकाही क्लिपमध्ये उठले नव्हते. मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. नवी नवरी हात धरून ओढत होती आणि ते हसून मान हलवत होते. ती गेली. कॅमेरा मात्र तिथेच राहिला होता.

मांडीवर ठेवलेल्या त्यांच्या हाताची बोटं एक ठोका सोडून पुढच्या ठोक्याला उठत होती.