धुतलेली मेथी

"ही धुतली कुणी?" अन्नछत्राच्या कारभाऱ्यानं काठीनं टोपली ढोसत विचारलं.

माझी बायको पुढं झाली. "मी, साहेब. तीन पाण्यांतून काढली."

तिला वाटलं, बरं म्हणतील.

कारभाऱ्यानं काठीनंच टोपली उलटी केली. मेथी रस्त्यावर. "तुमचं पाणी लागलं हिला. आता गाईला घाल."

आम्ही महार. आजा फौजेमागं दाणा वाहत माळव्यात देवासला आला, तेव्हापासून इथलेच. यंदा दुष्काळ पडला. घरामागं आम्ही दोघांनी मिळून वाफे केले. नाल्यात झिरा खणला, वाटीवाटीनं घागर भरली, भाजी जगवली. थोडी घरात, बाकी अन्नछत्राला. फुकट. महिनाभर कारभाऱ्यानं घेतली. चिखलासकट असली की आमचा हात लागलेला चालायचा. त्यांचा आचारी आपल्या पाण्यात नुसती बुडवायचा. जेवणारे रेती थुंकायचे. ते हिनं बघितलं. म्हणून आमच्या पिण्याच्या पाण्यानं धुतली. एवढाच गुन्हा.

ती खाली बसून काडी काडी वेचू लागली. रांगेतली उपाशी माणसं बघत होती. मीही बघत उभा. हात जोडून. जोडा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. त्याची लाज अजून जात नाही.

"उद्या चिखलाची आण. घेतो," कारभारी म्हणाला.

मी हात सोडले. "चिखलाची मिळणार नाही, साहेब. धुतलेलीच मिळेल. इथं रस्त्यावर, माझ्या हातून."

दुसरी टोपली पायाशी होती. ती पुढं ठेवून बसलो. मग एक म्हातारी रांग सोडून आली. "ला भिया, म्हारे दे." पाला तिनं कच्चाच चावला. म्हणाली, "रेत नी है."

बायको तोंडाला पदर लावून हसली. म्हातारीमागं आणखी दोघं आली. बाकीची नाही आली, खोटं कशाला सांगू.

पावसाच्या तोंडावर बायको तापानं गेली. कारभाऱ्याचा निरोप आला, एकटा म्हातारा कशाला पाणी वाहतोस, चिखलाची आण.

वाहतो. घागरही आता सोबत नेतो. उद्या अन्नछत्राच्या फाटकासमोर बसणार. टोपली उलटी केली तर तिथंच वेचीन, त्याच्या डोळ्यांदेखत तीन पाण्यांतून काढीन, आणि माणसालाच खायला देईन.