यंत्रमानवाचा गुडघा

दुष्काळातल्या एका उन्हाळ्यात माझे सासरे आमच्याकडे राहायला आले. वैजापूरकडच्या त्यांच्या गावात विहिरी आटल्या होत्या आणि बैल चारा छावणीत नेऊन बांधले होते. बैलांजवळ माझा मेहुणा राहत होता. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली होती. “तिथं एकटे बसून काय करता? इकडं या,” असं माझी बायको फोनवर म्हणाली आणि ते आले.

आम्ही बीड बायपासच्या पलीकडे राहायचो. तेव्हा तिथं निम्म्या प्लॉटांवर बाभळी होत्या आणि निम्म्यांवर नव्या इमारतींचे खड्डे. शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले काका पहिल्याच दिवशी चौकशीला आले.

“बैल कुठं ठेवलेत?”

“छावणीत,” सासरे म्हणाले.

“मिलिटरीवाले ठेवू देतात?”

“त्यांचं काय काम तिथं? बैल हायत, तोफा नायत.”

काकांच्या डोक्यात शहरातली लष्कराची छावणी होती. मी हसू दाबत आत गेलो.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती, तरी आम्हा दोघांचं बोलणं ‘जेवलात का’च्या पुढं गेलेलं नव्हतं. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला जावईबापू. मी खोलीत आलो की ते खुर्चीवरून उठायचे. दोन खोल्यांच्या घरात हे सारखं व्हायचं आणि मलाच अवघडल्यासारखं वाटायचं.

मी वाळूजला प्लॅस्टिकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात साचे दुरुस्त करतो. सुट्टीच्या दिवशी घरी मॉडेलं जोडत बसतो. त्या वेळी मी एका अवाढव्य जपानी यंत्रमानवाचं मॉडेल मागवलं होतं. माझ्या लहानपणी ही मॉडेलं तिकडं निघायची, मग बंद पडली. आता कंपनीनं तोच जुना साचा बाहेर काढून पुन्हा थोडी काढली होती. नवीन मॉडेलांचे भाग एकमेकांत खटकन बसतात. ह्याचा प्रत्येक हात दोन फाकांत, मधे फट आणि कडेला साच्यातून निसटलेले प्लॅस्टिकचे पापुद्रे. ते कापायचे, घासायचे, मग चिकटवायचं आणि रंगवायचं.

मामा दोन रविवार लांबून बघत राहिले. तिसऱ्या रविवारी जवळ आले.

“हे कुणासाठी?”

“माझ्यासाठीच.”

“मोठ्या माणसाचं हाय का हे?”

“हो.”

“बरं,” म्हणाले, आणि खाली मांडी घालून बसले. “द्या मग काहीतरी.”

मी त्यांना पॉलिश पेपर आणि दंडाचे तुकडे दिले. त्या दिवसापासून त्यांना उद्योग मिळाला. मी कामावर गेलो की ते गॅलरीत पोतं अंथरून घासत बसायचे. संध्याकाळी तुकडे उजेडात धरून मला दाखवायचे. कधी कधी इतकं घासायचे, की कडाच गोल होऊन जायची. मी ते तुकडे तसेच वापरायचो. बायको म्हणायची, “तुम्हा दोघांना हा राक्षस भेटला, बरं झालं.”

मग एका संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा बायकोनं दारातच हातानं खूण केली. आत मामा पिशवी भरत होते. टेबलावर रुमालाखाली यंत्रमानवाचा पाय होता.

“जावईबापू, पाय कामातून गेला. मी उद्या निघतो.”

मी पाय उचलला. त्यांनी एकट्यानं जोडला होता. गोंद इतका ओतला होता, की गुडघ्याचा सांधा आतून विरघळून एकजीव झाला होता. तो आता वाकणार नव्हता. मला वाईट वाटलं. असं मॉडेल पुन्हा कधी निघेल, सांगता येत नव्हतं.

“ह्यासाठी कुणी गाव गाठतं का, अप्पा?” बायको चिडली.

मामा पिशवीची गाठ बांधत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, “दुपारी पोराचा फोन आला. थोरला बैल खात नाय. छावणीतला नुसता ऊस खाऊन खाऊन तोंड सोललंय त्याचं. मला काही सुचंना. हाताला काम पायजे म्हणून पाय घेतला.”

मी पाय टेबलावर ठेवला. “सकाळी मी नेतो तुम्हाला. गाडीवर जाऊ.”

“तुमची ड्युटी?”

“रजा टाकतो.”

सकाळी निघताना बायकोनं डब्यात हळद आणि तेल कालवून दिलं. मोंढ्याच्या बाजारातून आम्ही भुशाचं आणि पेंडीचं पोतं घेतलं. लासूरच्या रस्त्यानं मामा मागं बसून सगळा वेळ बोलत होते. हा बैल त्यांनी गोऱ्हा असताना आणला होता. त्याला पाण्याचा रस्ता माहीत होता, पण बाजाराच्या रस्त्यावर पाऊल टाकायला तो तयार नसायचा. वाऱ्यात मला निम्मंच ऐकू येत होतं. तरी मी ‘व्हय’ म्हणत राहिलो.

छावणीत हिरव्या जाळीखाली जनावरांच्या रांगाच रांगा होत्या. बैलाच्या ओठांवर फोड होते आणि तोंडातून लाळ गळत होती. मी शिंगं धरली, मेहुण्यानं जबडा उघडला आणि मामांनी बोटानं जिभेला हळद-तेल लावलं. मग टँकरच्या पाण्यात भुसा आणि पेंड भिजवून ते एकेक घास त्याच्या तोंडात घालायला लागले. तो बाहेर टाकायचा, हे पुन्हा भरायचे. “खा रं बाबा, खा,” एवढंच चाललं होतं. संध्याकाळी मी एकटाच परतलो.

पुढं काही दिवसांनी कारखान्यात माझा फोन वाजला. मामा होते. एरवी ते फक्त लेकीलाच फोन करायचे.

“जावईबापू, खातोय. आपणहून पाटीत तोंड घातलं.”

मी मशीनजवळून बाहेर येऊन त्यांना सगळं पुन्हा सांगायला लावलं.

आठवडाभरानं ते परत आले आणि आम्ही मॉडेल पूर्ण केलं. गुडघा तसाच ताठ ठेवला, दुसरा पाय थोडा पुढं घेतला. शेवटी छातीवरची चिन्हं राहिली. ती पाण्यात भिजवून कागदावरून हलकेच सरकवावी लागतात. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं. बायकोनं मोजून एक वाटी दिली आणि बजावलं, “सांडू नका. नंतर तुळशीला घालायचंय.” मामांनी श्वास रोखून चिन्ह सरकवलं. ते जरा तिरपंच बसलं.

पुढं पाऊस झाला आणि मामा गावाकडं निघाले. मी यंत्रमानव कागदात गुंडाळून त्यांच्यापुढं धरला.

“नको,” ते म्हणाले. “गावात कुणी शेंदूर फासला, तर रोज नैवेद्य कोण दाखवणार?”

ते हे अगदी गंभीरपणे म्हणाले. मग आम्ही दोघंही हसायला लागलो, आणि खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला.