कचरूदादा पोराच्या हाटेलात जेवला तो शुक्रवार

माझा थोरला भाऊ कचरू एकदा न्हाई म्हणला की संपलं. शहागडच्या एका न्हाव्यासंगं त्याचं कशावरून तरी वाजलं, तेव्हापासून हा घरीच आरसा धरून दाढी करतो. गाल कापून घेतो, पण त्या दुकानाची पायरी चढत न्हाई. तो न्हावी वारला, दुकान नातवाकडं गेलं, तरी न्हाई. मी म्हणलं, "दादा, भांडणारा गेला की रे." तर म्हणतो, "माणूस गेला, शब्द कुठं गेला?" आता असल्या माणसापुढं काय कपाळ फोडायचं!

तसा माणूस लाखात एक हाय, हे बी सांगते. माझे मालक गेले तेव्हा ऊस तोडणीला आलेला सोडून हा अंकुशनगरला आला आन माझ्या दारात खाट टाकून पडून राह्यला. "वंदे, तू जेवलीस का?" एवढंच दिवसातून दोनदा इचारायचा. दुसरं काही बोलायचंच न्हाई.

तर ह्याचा एकुलता लेक अंगद. त्याला बदनापूरला शेतकी शिकायला घातला. पोरगं सायब व्हईल, न्हाईतर रान बघंल, अशी दादाची आस. अन् पोरगं निघालं जहाजावर, खानसामा व्हायला! जायच्या आधी देवीच्या पाया पडायला आम्ही समदे अंबडला मत्स्योदरीला गेल्तो. तिथं भर देवळात दादाचा तोल गेला. "लोकांची उष्टी काढायला चाललास? मंग आईच्या समोर सांगतो, तुझ्या हातचं अन्न ह्या तोंडात जाणार न्हाई. आण हाय." माझ्या हातात नारळ तसाच राह्यला. तुळजावहिनी तिथंच खाली बसली.

त्यानंतर पोरगं सुट्टीला येऊन घरात काही रांधायला लागलं, की दादा भाकर फडक्यात बांधून रानात जायचा. वहिनी दोघांच्या मधात भरडून गेली.

जहाजावर अंगदचा उस्ताद होता पेरू देशाचा. पार पृथ्वीच्या पल्याडचा. त्याच्या हाताखाली पोरगं तिकडचा स्वयंपाक शिकलं आन परत येऊन जालन्यात हाटेल टाकलं, त्याच देशाच्या जेवणाचं. बियाण्याच्या कंपन्यांत, लोखंडाच्या कारखान्यांत बाहेरचे लोक येतात, ते खातील, असा त्याचा हिशेब. गावानं लई टर उडवली. त्यानं एकच धरून ठेवलं होतं, "आत्या, पहिलं ताट अण्णांचं. ते जेवल्याबिगर मी गिऱ्हाइकाला दार उघडणार न्हाई." बापाचंच रगत ते, दुसरं काय व्हणार!

हाटेल उघडायच्या शुक्रवारी मी दादाला म्हणलं, "आण जेवणाची हाय, बघण्याची न्हाई. मुकाट्यानं गाडीत बस." बसला बापडा.

आत गेलो आन मी दारातच थबकले. भिंतीभर डोंगराचा फोटो. ढगाच्या वर डोंगर, आन त्याच्या अंगावर खालपासून शेंड्यापर्यंत बांध घातलेले, पायऱ्या पायऱ्यांची शेतं. दादा टोपी काढून त्याच्यासमोर उभा राह्यला. "एवढ्या उंचावर पाणी कसं नेलं असंल गं ह्यांनी?" असं हळूच म्हणला, देवळात बोलावं तसं.

पण ताटावर बसला आन हात मांडीवर ठेवले ते ठेवलेच. अंगद म्हणला, "अण्णा, एक घास." दादा खाली बघून म्हणला, "आण हाय बाबा." काचेबाहेर अंगदचे दोस्त, कंपनीचे सायब लोक ताटकळत उभे. वहिनीनं पदर डोळ्याला लावला. अंगद उठून आत चुलीकडं गेला.

मी मागोमाग गेले. म्हणला, "आत्या, कुलूप लावतो. परत जहाजावर जातो." मला असा राग आला, दोघांचा बी! त्यात शुक्रवारचा उपास, पोटात कावळे कोकलत होते. म्हणलं, "जायचं तिथं जा, पण आधी मला आन तुझ्या मायला उपासाचं काही हाय का बघ."

त्यानं झाकणं काढली. बटाटा उकडून, लिंबू पिळून, मऊ मळून त्याची वडी थापलेली, पिवळीधमक. बाजूला उकडलेलं रताळं. एका पातेल्यात बटाट्याच्या फोडी शेंगदाण्याच्या कुटात शिजलेल्या. राजगिऱ्याची खीर. मी वाकून बघितलं.

"हळद घातलीस व्हय?"

"न्हाई आत्या, तिकडची पिवळी मिरची हाय."

"तेल?"

"शेंगदाण्याचं. वरून कांदा घालतो फक्त."

"कांद्याला हात लावू नको!" मी वरडलेच. "आरं लेका, हे तर समदं उपासाचं हाय!"

तो हसला. म्हणला, बटाटा मूळचा त्या फोटोतल्या डोंगरातला. भुईमूग, रताळं, मिरची, समदं त्याच मुलखातून आपल्याकडं आलंय. जल्मभर देवीचा उपास धरला तो कुणाच्या रानातल्या मालावर, हे मला कधी ठाऊकच नव्हतं! त्या माणसांचं मी कधी तोंड बघितलं न्हाई, आन दर शुक्रवारी त्यांचंच खाऊन राह्यले.

मीच ताट भरलं आन दादापुढं ठेवलं. "तू अन्नाची आण घेतलीस ना? हे अन्न न्हाई, फराळ हाय. ह्याच्यात धान्याचा कण न्हाई. उपासाला चालतंय ते आणेला चालत न्हाई व्हय?"

दादा वकिलासारखं इचारायला लागला. कांदा? न्हाई. पीठ? न्हाई. साबुदाणा बी न्हाई? न्हाई रे बाबा! त्यानं देवीचं नाव घेतलं आन घास उचलला.

चावला. थांबला. दुसरा घेतला. शेंगदाण्याचा रस बोटानं चाखून म्हणला, "भुईमूग तिकडचा? मी तर आपला समजत होतो." अंगद भीत भीत समोर बसला. सांगायला लागला, तिथं बटाटे लाल, जांभळे, काळे, किती जातीचे. रात्रीच्या हिवात गोठवतात, दिवसा पायानं तुडवून पाणी काढतात, उन्हात वाळवतात, मंग ते वर्षानुवर्षं टिकतात. दुष्काळ पडला तरी घरात खायला असतं.

"वर्षानुवर्षं?" दादाचा घास हातातच राह्यला. डोंगराच्या फोटोकडं बघून त्यानं हात जोडले, उष्ट्या हातानंच. "लई मोठी माणसं म्हणायची ही. आन तू त्यांच्यापाशी शिकून आलास?"

"हाव, अण्णा."

दादानं ताट पुसून खाल्लं. हात धुतला, टोपी घातली. दाराजवळ गेला आन अंगदची वाट न बघता कडी काढली. बाहेरच्यांना म्हणला, "या, बसा." मंग तिथूनच वळून पोराला म्हणला, "आज माझा उपास झाला. उद्या सोडायला येतो. भाकर टाकून ठेव."

भाकर म्हंजे अन्न. वहिनी उठून उभी राह्यली. अंगद म्हणला, "अण्णा, आण हाय ना... आन हितं भाकर नसते. पेरूच्या जेवणात भात असतो."

"अंबडच्या आईला काय सांगायचं ते मी सांगतो," दादा म्हणला. "तू भात टाक."