माझ्या अक्षरातले पत्रक

किरनापुरजवळच्या आमच्या वस्तीत बी.ए. झालेला मी पहिला. कॉलेजची फी बालाघाटच्या एका लाकूड-ठेकेदार कंपनीने भरली होती. म्हणून निवडणुकीच्या आधी मॅनेजरांनी बोलावले, तेव्हा मी लगेच गेलो.

"मास्टरजी, आपके लोग हिंदी पर्चा पढ़ते नहीं. घर की बोली में लिखिए."

जीप कंपनीची, पेट्रोल कंपनीचे, कागदही कंपनीचा. कशासाठी, हे मी विचारले नाही. प्रती काढायच्या सायक्लोस्टाइलच्या मेणकागदावर मी स्वतःच्या हाताने लिहिले: 'वस्तीले विहीर देऊ. बायाईले नाल्यावर जानं पडनार नाही.' विहीर मॅनेजरांनी सांगितलेली. नाला मी घातला. आई तिथूनच पाणी आणायची.

कंपनीचे उमेदवार निवडून आले. कंपनीला जंगलाचा ठेका पुन्हा मिळाला. जीप मात्र वस्तीत फिरकली नाही.

उन्हाळ्यात शेजारची मावशी तेच पत्रक घेऊन आली. तिचा मुलगा नागपूरला गिरणीत होता. त्याला जाणारी तिची पत्रे मी लिहायचो. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर वस्तीत शिकलेल्याच्या शब्दाला फार मान आला होता.

"बापू, इहीर कवा खंदतं?"

"मावशी, हे उमेदवाराचं पत्रक आहे."

"मले वाचता कुठं येते? पन अक्षर तुयं हाय. पोराच्या कागदावर पाह्यतो ना मी."

मग कळले, घरोघरी ते पत्रक पेटीत जपून ठेवले होते, माझ्या हातचा करार म्हणून.

दुसऱ्या दिवशी सायकलने बालाघाट गाठले. मॅनेजरांनी चहा मागवला.

"वो तो चुनाव की बात थी. और लिखा तो आपने है."

ते हसले. माझ्या फीचा विषय त्यांनी काढला नाही, पण मला तो ऐकू येत राहिला. चहा मी प्यायलो.

परत आलो तर मावशी नाल्याच्या वाटेवर भेटली, डोक्यावर घागर.

"काय म्हने?"

सगळे सांगितले, फीसुद्धा.

"कंपनीले आमी कुठं वळखतो, बापू? तुयं अक्षर पाहून मत देल्लं."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला उत्तर देता आले असते.

तिचा मुलाला पत्र लिहायचा दिवस रविवार. त्या रविवारी मी दारात दौत-टाक घेऊन बसलो, उठलो, पुन्हा बसलो. ती आली नाही. पोस्टातल्या बाबूकडून तिने हिंदीत पत्र लिहून घेतले, असे मागाहून कळले.