पाटाची साक्ष

आंबागडात सत्यभामाच्या तोंडी कोणी लागत नाही, आणि जो एकदा लागला तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. धानाच्या रोवण्याला गावातली बायांची मोठी टोळी तिची असते. कोणाच्या बांधीत आधी उतरायचं आणि कोणाला थांबवायचं, ते तीच ठरवते. एरवी कोणाला न विचारणारे शेतकरी त्या दिवसांत तिच्या ओसरीवर येऊन चहा पितात आणि 'बाई, औंदा आमच्याकडं जरा लवकर पाहा' म्हणतात. रोवायची रोपं, ते पऱ्हे, वाढून चालले असले तर आवाज आणखी मऊ होतो. सत्यभामा हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ती म्हणते, पाहू.

अशा बाईला औंदा सरकारी कागदांनी घाम फोडला. तिची पोरगी हर्षा हुशार निघाली, नागपूरच्या नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला. आता फी भरायची तर शिष्यवृत्ती हवी, आणि शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला. तुमसरला कारकुनाने रेशनकार्ड उघडलं. कुटुंबप्रमुख परसराम, मँगनीजच्या खाणीत कायम नोकरी. 'तुमच्या मिस्टरांचा पगार धरावा लागेल बाई, आणि तो मर्यादेच्या वर जातो,' तो म्हणाला. सत्यभामा म्हणाली, धरा. एका चुलीवर जेवतो तर पगार धरणारच ना. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही.

मग परसरामने खाणीत अर्ज टाकला. तिथे कामगारांच्या लेकरांना शिकायला मदत मिळते. तिथल्या साहेबाने हर्षाचं आडनाव पाहिलं, ते वेगळं. हर्षाचा बाप ईश्वर, ती तीन वर्षांची असताना तापाने गेलेला. परसराम सावत्र बाप, हे ठीक. पण तिच्या आईशी लग्न झाल्याची नोंद कुठे आहे? नोंद नाही म्हणजे कागदावर ती बाई तुमची कोणी नाही, आणि ती कोणी नाही तर पोरगी कुठली तुमची?

घ्या! पगार मोजायचा तेव्हा नवरा, आणि मदत द्यायची वेळ आली की परका माणूस. एकाच गड्याला एका आठवड्यात दोन कचेऱ्यांनी लग्नाचा आणि बिनलग्नाचा करून टाकला. सत्यभामाने घरी येऊन दोन्ही कचेऱ्यांचा असा उद्धार केला की शेजारच्या बाया हातातलं काम टाकून ऐकत उभ्या राहिल्या.

तुमसरच्या कारकुनाने निघताना एक वाट सुचवली होती. बिचारा वाईट नव्हता. रेशनकार्ड वेगळं करा, म्हणाला. मी विधवा आहे, पोरीला घेऊन एकटी राहते, असं शपथेवर लिहून द्या. मग उत्पन्न तुमच्या एकटीचं, शिष्यवृत्ती पक्की. कागदोपत्री तुम्ही आजही विधवाच आहात.

परसरामला ते लगेच पटलं. तो मुळातच कमी बोलणारा माणूस. 'लिहून दे,' तो म्हणाला. 'मी काही कागदावर राहत नाही, घरात राहतो.'

सत्यभामाचं डोकंच फिरलं. पोरीला मुदतीच्या तापात खांद्यावर टाकून दवाखान्यात नेणारा हा माणूस. दहावीच्या पेपरांना रात्रपाळी करून आल्यावर सायकलवर तुमसरला सोडणारा हा माणूस. आणि म्हणे लिहून दे! 'ज्याच्या ताटात रोज भात वाढतो तो माहा कोणी नाही, असं मी शपथ घेऊन लिहू?' ती म्हणाली. 'मंग संध्याकाळी वाढू कोणाले?' पण फी भरायची शेवटची तारीख जवळ येत होती, आणि ही जागा गेली तर हर्षाला रोवण्याच्या टोळीत उभं करावं लागेल हे सत्यभामाला दिसत होतं. तिला त्याची भीती वाटत होती. दुसऱ्याच्या बांधीत वाकून वाकून तिची कंबर गेली होती, पोरीची जायला नको होती.

ती उठली आणि ग्रामपंचायतीत गेली. लग्न झालंय ना? मग नोंदवा, म्हणजे खाणीला मदत द्यावीच लागेल. ग्रामसेविका रक्षा मॅडम तरुण, समजूतदार. लग्नाची पत्रिका आहे का, तिने विचारलं. फोटो? लावणारे महाराज? एकेकाला नाही म्हणताना सत्यभामाला हसावं की रडावं कळेना. अहो, पाट लागला होता! विधवेचा पाट, तिचं दुसरं लग्न, म्हणजे या गावात लपवून उरकायचं काम. मांडव नाही, वाजंत्री नाही, हळद नाही. फोटो तर दूरच, सवाष्णींनी त्या बाईचं तोंडही पाहायचं नाही. दोनचार रांडमुंड म्हाताऱ्या अंधारलं की घरात जमतात, लुगडं नेसवतात, चुडा भरतात आणि निघून जातात. पुरावा मागे राहू नये अशीच ती रीत, तिचा पुरावा आणायचा कुठून? रक्षा मॅडमने ऐकून घेतलं. म्हणाली, सही करायला कोणीही चालतील, पण एक तरी माणूस आणा ज्याने तो पाट डोळ्यांनी पाहिला.

पाट पाहिलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुंताबाई गेली, परसरामची आत्या गेली. एक उरली होती. पाटाला ती होती हे सत्यभामाने इतक्या वर्षांत पोरीलाही सांगितलं नव्हतं. ती म्हणजे ईश्वरची आई, चंद्रभागाबाई, सत्यभामाची पहिली सासू. पोटचा पोर गेल्यावर तिनेच परसरामचं स्थळ हेरलं. तिनेच आपल्या हाताने सुनेला चुडा भरला. पण ती राहते थोरल्या पोराकडे, केशवरावकडे. आणि भावजय बदफैली, घर सोडून पळाली, असं केशवरावने गावभर सांगून ठेवलं होतं. त्याच्या भाकरीवर जगायचं म्हणून म्हातारी तोंड दाबून बसली. म्हणूनच गाव सत्यभामाला मागून 'बसवलेली', बिनलग्नाची ठेवलेली, म्हणतं. तिने ते ऐकून घेतलं, म्हातारीचं नाव घेतलं नाही.

आता मात्र सत्यभामा तिच्या दारी गेली. डोक्यावर पदर घेऊन, जन्मात पहिल्यांदा कोणाकडे काही मागायला. चंद्रभागाबाई अंगणात लाखोरीची डाळ निवडत होती, आणि नेमका केशवराव बाजेवर बसलेला. त्याच्यासमोर मागणं म्हणजे म्हातारीच्या तोंडचा घास काढणं. उद्या ग्रामपंचायतीत आमच्या लग्नाची नोंद आहे, एवढंच सत्यभामा म्हणाली. केशवराव हसला. कोणतं लग्न, म्हणाला, तू तं पळून गेली होती. म्हातारीने मान वर केली नाही. सत्यभामा परत आली आणि त्या दिवशी घरात कोणाशी भांडली नाही. हर्षाला तेव्हाच कळलं की काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी टोळीतल्या दोघी सह्या करायला आल्या. परसराम इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात उभा. रक्षा मॅडमने विचारलं, पाट पाहिलेलं कोणी? सत्यभामाने सरळ सांगितलं, कोणी नाही. मॅडमने कागद बाजूला सारले. मला वाईट वाटतं बाई, ती म्हणाली, आणि खरंच तिला वाईट वाटलं असावं.

तेवढ्यात दारात काठी वाजली. चंद्रभागाबाई गावाच्या पार त्या टोकापासून भर सकाळी, सगळ्यांच्या ओसऱ्यांवरून चालत आली होती. काखेत कपड्यांचं गाठोडं होतं. आत येऊन ती धापा टाकत खुर्चीवर बसली. सत्यभामाकडे तिने पाहिलंही नाही.

'मी होतो तिथं,' ती मॅडमला म्हणाली. 'पळून गेली नाही ते. म्याच चुडा भरला, म्याच धाडली. माहा पोरगा मेला होता, सून कायले मरन?'

मॅडमने कागद पुन्हा ओढला, नाव लिहिलं आणि विचारलं, तुम्ही नवऱ्याकडच्या की नवरीकडच्या?

'नवरीकडची,' म्हातारी म्हणाली. 'माय लिहा.'

सत्यभामाने पदर तोंडात धरला. आंबागडात तिला रडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं लोकांनी, आणि तिनेही ते लपवलं नाही. चंद्रभागाबाईने अंगठा उठवला, बोट लुगड्याला पुसलं, काठी टेकून उठली आणि कोपऱ्यातल्या परसरामकडे वळली.

'जवाई,' ती म्हणाली, 'हे गाठोडं धरा.'